पिकअपला मागचा स्वे बार घरच्या घरी कसा बसवायचा

गेल्या उन्हाळ्यात आई इकडे डेन्वरला आली होती, तिला मागच्या सीटवर बसवून हायवेच्या गोल रॅम्पवर गाडी चढवली तर ती दारावरचं हँडल घट्ट धरून म्हणाली, "अरे हळू घे, कलंडतेय ही." स्पीड पस्तीस मैलांच्या आतच होता. पण तिचं बरोबर होतं, माझी २०१६ ची फोर्ड एफ-१५० पिकअप वळणावर झुकायची, आणि मागे कॅम्पर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) लावून बाजूचा वारा लागला की झुकणं आणखी जाणवायचं. कारण साधं आहे, या ट्रकला पुढे कंपनीचा स्वे बार (वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) येतो, मागे येतच नाही. टोयोटाच्या त्या काळातल्या टॅकोमाचंही तेच. म्हणून मी मागे आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीचा नाही, बाहेरचा) बार बसवला, नंतर मेहुण्याच्या टॅकोमालाही दोघांनी मिळून बसवला, आणि आता ओळखीतले दोन-तीन जण विचारतायत म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. ज्यांनी आजवर ऑइल बदलण्यापलीकडे गाडीखाली काही केलं नाही त्यांच्यासाठी हे आहे.

आधी हा बार करतो काय ते समजून घ्या, कारण बसवताना होणाऱ्या निम्म्या चुका ते न समजल्यामुळेच होतात. स्वे बार म्हणजे स्प्रिंग स्टीलचा जाड दांडा, इंग्रजी यू सारखा वाकवलेला. आपल्याकडचे मेकॅनिक याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. त्याचा मधला लांब भाग रबरासारख्या बुशमध्ये धरून अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला बांधलेला असतो, आणि दोन्ही बाजूचे हात लिंक रॉडने वर चासीला जोडलेले असतात (काही किटमध्ये उलटं असतं, बार चासीला आणि लिंक अ‍ॅक्सलला, काम तेच). दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर बार बुशमध्ये नुसता फिरतो, काहीच करत नाही. पण वळणावर एक बाजू दबते, दुसरी उचलते, तेव्हा बार पिळला जातो आणि त्या पिळाला विरोध करतो. म्हणजे हा एक पिळाचा स्प्रिंगच आहे. आणि त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून एक इंची बारच्या जागी सव्वा नाही, नुसता एक अष्टमांश इंच जास्त जाड बार घेतला तरी कडकपणा साधारण ६० टक्के वाढतो. दिसायला फरक बोटभरही नसतो, त्यामुळे "सगळ्यात जाड द्या" असं करू नका.

आता हा बार काय करत नाही तेही सांगतो कारण इथे लोकांची फार गल्लत होते. याने गाडीची वजन वाहायची क्षमता एक पाउंडनेही वाढत नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर जे लिहिलंय तेच राहतं. मागे माल भरल्यावर गाडी बसत असेल तर पाटे (लीफ स्प्रिंग) वाढवणं किंवा स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी, म्हणजे एअर बॅग, हा वेगळा उपाय आहे. ट्रेलर डावी-उजवीकडे शेपटीसारखा हलत असेल तर तेही याचं काम नाही, तिथे आधी हिचवरचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकवरचं, वजन बघा, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पुढे हिचवर यायला पाहिजे. माझा कॅम्पर भरून साडेचार हजार पाउंड होतो, म्हणजे हिचवर ४५० ते ६७५. ते नसेल तर कितीही बार लावा. आणि बार विकत घ्यायच्या आधी टायरची हवा स्टिकरप्रमाणे भरा, शॉक अ‍ॅबसॉर्बरमधून तेल गळतंय का बघा. मेहुण्याच्या टॅकोमाची अर्धी तक्रार हवा भरल्यावरच गेली होती.

किट निवडताना वर्ष, मॉडेल, टू-व्हील की फोर-व्हील आणि गाडी उंच केली आहे का एवढं सांगून त्याच गाडीचं किट घ्या. हेलविग कंपनीचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं, कॅलिफोर्नियातली १९४६ पासूनची कंपनी आहे. मी त्यांचाच घेतला, पण खाली लिहिलेलं बहुतेक सगळ्या किटला लागू होतं. शक्य असेल तर हातांना दोन-तीन भोकं असलेला बार घ्या. टोकाजवळचं भोक म्हणजे हात लांब, बार मऊ. वळणाजवळचं भोक म्हणजे हात आखूड, बार कडक. सुरुवात नेहमी टोकाच्या भोकापासून करायची, ती का ते खाली बर्फाच्या भागात येईलच.

हत्यारं. इथे एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते, ती म्हणजे ट्रकचे नट-बोल्ट मेट्रिक आणि अमेरिकन किटचे इंची. दोन्ही मापांच्या गोट्यांचे (सॉकेटचे) सेट लागतात. ३/८ इंची बोल्टाचं डोकं ९/१६ च्या गोटीत बसतं आणि १/२ इंची बोल्टाचं ३/४ च्या गोटीत, बहुतेक काम या दोनांतच होतं, आणि प्रत्येक मापाचा एक रिंग पाना पण हवा कारण एकीकडे बोल्ट धरून दुसरीकडे नट फिरवायचा असतो. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा) हवाच. उधार मिळतो, इथले पार्टसचे दुकानदार अनामत ठेवून देतात, वापरून परत केला की पैसे परत. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेल्या आट्यांत मुरणारं), तारेचा ब्रश, टेप, पेंट मार्कर, चष्मा. चष्मा खरंच घाला, खाली झोपून वर बघायचं असतं आणि गंजाचा कण डोळ्यात गेला की दिवस संपला.

कामाच्या आदल्या दिवशी ट्रकची खालची बाजू पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्या. कोलोराडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते चासीला चिकटून बसतं आणि बोल्ट खाऊन टाकतं. वाळल्यावर, किटच्या कागदात चासीची जी भोकं किंवा बोल्ट वापरायला सांगितलेत तिथे तारेचा ब्रश मारून पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी तोच बोल्ट हाताला सुटतो, नाही तर टोमी (लांब लोखंडी दांडा) लावून लोंबकळावं लागतं.

आता गाडी कुठे उभी करायची. सपाट काँक्रीट. उतार नको, खडी नको, उन्हात मऊ होणारं डांबर नको. एक्झॉस्ट थंड होऊ द्या, तास-दीड तास तरी. आणि आता जे सांगतो ते दोनदा वाचा: मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली की या ट्रकचा पार्किंग ब्रेकही उपयोगाचा नाही आणि गिअर पार्कमध्ये टाकूनही उपयोग नाही. पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो, आणि टू-व्हील मोडमध्ये पार्कचं लॉक पण ड्राइव्ह शाफ्टमधून मागच्याच चाकांना धरतं. ती हवेत असतील तर ट्रक मोकळा झाला, पुढची चाकं फिरायला तयारच असतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे किंवा रबरचे अडथळे लावायचे, आणि मगच जॅकला हात लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, बोल्ट उचलायलाही, शिरायचं नाही.

पण खरं सांगायचं तर उचलायची गरजच फार कमी पडते. पिकअप तशीच उंच असते. मागची स्टेपनी उतरवली (बंपरमधल्या भोकातून जॅकचा दांडा घालून खाली सोडता येते) की आत बसायला भरपूर जागा होते. जास्त जागा हवी तर मागची चाकं रॅम्पवर चढवा. किंवा घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या असतील तर त्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगखाली लावा, चासीखाली नको. याचं कारण या सगळ्या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: बार बसवताना गाडीचं वजन पाट्यांवर असलं पाहिजे. चासीखाली घोड्या लावल्या की अ‍ॅक्सल खाली लोंबकळतो, लिंक त्या लांबीवर सेट होतात, मग गाडी खाली घेतली की सगळं वाकडं बसतं. वजनावर लावा, वजनावरच आवळा.

खाली गेल्यावर लगेच काही बसवू नका. टॉर्च घेऊन दहा मिनिटं नुसतं बघा. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरून ब्रेकची बारीक स्टीलची नळी दोन्ही चाकांकडे गेलेली दिसेल, पेन्सिलीपेक्षा बारीक. तिच्या सोबत एबीएसची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर असते. मधोमध चासीवरून अ‍ॅक्सलवर येणारा ब्रेकचा रबरी होज, अ‍ॅक्सलची हवा सोडणारी छोटी नळी, आणि जुन्या मॉडेलला पार्किंग ब्रेकची केबल. या प्रत्येकावर बोट ठेवून तो कुठून कुठे जातो ते बघा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कारण बारचे ब्रॅकेट नेमके याच हाउसिंगवर यू बोल्टने बांधायचे असतात, आणि यू बोल्टखाली ब्रेकची नळी चेपली तर ती त्या दिवशी फुटत नाही, महिन्यांनी फुटते. माझ्या ओळखीच्या एकाने हे काम गॅरेजमधून करून घेतलं होतं, सहज म्हणून मी खाली वाकून बघितलं तर यू बोल्टची कड नळीला टेकलेली, आणि तेवढ्या जागी नळीवरचं कोटिंग घासून धातू चमकत होता. नळी बदलावी लागली. नखाएवढी चमक होती ती फक्त. म्हणून ज्या ज्या जागी नळी यू बोल्टच्या जवळून जाते तिथे क्लिप सोडून नळी हलकेच बाजूला घ्या, वाकवताना कोन पडू देऊ नका, आणि मध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवा.

मग बार खाली जमिनीवर जसा बसणार तसा मांडून बघा. हात पुढे येणार की मागे, मधला बाक डिफरेन्शियलच्या (अ‍ॅक्सलच्या मधल्या गोल फुगीर भागाच्या) वरून जाणार की मागून, ते किटच्या चित्रात असतं, उलटा बार बसवून पूर्ण आवळल्यावर लक्षात येणं हे अगदी कॉमन आहे.

बुश. आफ्टरमार्केट किटमध्ये बुश सहसा पॉलियुरेथेनचे असतात, कंपनीच्या गाड्यांत रबराचे. रबर स्वतःच थोडं पिळून सहन करतं, पॉलियुरेथेन तसं करत नाही, त्यात बारला घसरत फिरायचं असतं. म्हणून किटसोबत आलेलं ग्रीसचं पाकीट बुशच्या आतल्या बाजूला सगळीकडे लावा. हे सिलिकॉन बेस असतं, चिकट असतं, हाताला दोन दिवस राहतं. घरातलं साधं ग्रीस लावू नका. कंजूषी केली तर काही दिवसांतच थंड सकाळी गाडी काढली की मागून जुन्या पलंगासारखी कुरकुर सुरू होते, आणि मग सगळं सोडून परत करावं लागतं. बुशला एका बाजूला चीर असते, तिथून उघडून बारवर चढवायचे, आणि बारवर जिथे बसणार ती जागा आधी कापडाने पुसून घ्यायची.

आता बार वर घ्यायचा. जड असतो, एकट्याने छातीवर घेऊन वर ढकलायचा प्रयत्न करू नका. मी बायकोला एक टोक धरायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाखाली जॅक लावला, पाच मिनिटांत झालं. यू बोल्ट हाउसिंगवरून घ्या, ब्रॅकेट चढवा, नट हाताने फिरवा. हाताने म्हणजे हाताने. पहिले तीन-चार आटे बोटांनी गेले पाहिजेत, जात नसतील तर नट वाकडा धरलाय, काढा आणि परत लावा. वाकड्या नटावर गोटी चालवली की आटे गेले. आणि आतून नायलॉनची रिंग असलेले नट असतात, ते इम्पॅक्ट गनने पळवू नका, नायलॉन तापून त्याची पकड जाते. एकदा पूर्ण आवळून काढलेला असा नट परत वापरायचाही नाही, नवा आणायचा.

या टप्प्यावर सगळं ढिलं ठेवायचं. बार हाताने डावी-उजवीकडे सरकला पाहिजे. हाउसिंगच्या मध्यापासून दोन्ही हातांची टोकं सारख्या अंतरावर आहेत का ते टेपने मोजा, मी चाकाच्या आतल्या कडेपासून हातापर्यंत मोजलं, ते सोपं जातं.

लिंक रॉडचा वरचा ब्रॅकेट चासीला लागतो, काही गाड्यांत असलेल्या भोकांत, काहींत चासीला चिमटा मारून, काही किटमध्ये भोक पाडायला सांगतात. भोक पाडायचं असेल तर चासीच्या आत वायर किंवा इंधनाची नळी नाही ना हे पलीकडून हात घालून बघा, आणि भोकाच्या कडेला प्रायमर-रंग लावा नाही तर दोन हिवाळ्यात गंज फुलतो. एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून अ‍ॅल्युमिनियमची झाली पण चासी अजून स्टीलचीच आहे.

लिंक लावताना दोन गोष्टी बघायच्या. गाडी वजनावर उभी असताना बारचे हात साधारण जमिनीला समांतर असावेत आणि लिंक उभ्या असाव्यात. फार तिरक्या असतील तर खड्ड्यात लिंक उलटी पडू शकते. दुसरी गोष्ट, दोन्ही लिंकचे बोल्ट जोर न लावता आत गेले पाहिजेत. एक बाजू लागली आणि दुसऱ्या बाजूला बार टोमीने ओढून भोक जुळवावं लागतंय, तर थांबा. तसाच बसवला तर बार सरळ रस्त्यावरही कायम पिळलेला राहील आणि गाडी एका बाजूला किंचित झुकलेली दिसेल. लिंकची लांबी कमी-जास्त करता येत असेल तर तिथे जुळवा. टॅकोमाला आम्हाला एका बाजूला पाऊण फेरा फिरवावा लागला, मग बोल्ट बोटाने आत गेला. दोन्ही बाजूला हाताचं एकच भोक वापरायचं, हे सांगायला नको पण सांगतो.

आवळायचा क्रम: आधी यू बोल्ट, मग बुशचे ब्रॅकेट, मग चासीचे ब्रॅकेट, सगळ्यात शेवटी लिंक. यू बोल्टचे दोन नट आळीपाळीने, थोडा हा थोडा तो, आणि दोन्ही बाजूंना नटाबाहेर सारखेच आटे दिसले पाहिजेत. टॉर्कचे आकडे किटच्या कागदावरून घ्या, आणि ते पाउंड-फूटमध्ये आहेत की न्यूटन-मीटरमध्ये ते बघा, १ पाउंड-फूट म्हणजे साधारण १.३६ न्यूटन-मीटर, म्हणजे ३० पाउंड-फूट हे ४१ न्यूटन-मीटर झाले. लिंकच्या बुशला कागदावर आकडा दिला नसेल तर बुश किंचित फुगेल इतकंच आवळा, चपटा होईपर्यंत नाही. शेवटी प्रत्येक नटावर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा, तिचा उपयोग पुढे आहे.

चालवायच्या आधी परत एकदा टॉर्च. ब्रेकच्या नळ्या, एबीएसची वायर, एक्झॉस्ट, डिफरेन्शियलचं कव्हर, शॉक, सगळ्यापासून बार मोकळा पाहिजे. आता जॅक चासीखाली, मागच्या चाकाच्या पुढे लावून ती बाजू हळूहळू उचला, चाक लोंबकळू दे, आणि बाजूला उभं राहून बघा की बार, लिंक, रबरी होज कशालाही लागत नाही, ताणत नाही. दुसऱ्या बाजूला तेच. मग स्टेपनी परत चढवा, आणि स्टेपनी चढल्यावरही बारला टेकत नाही ना ते बघायला विसरू नका, टॅकोमाला आम्हाला स्टेपनीची दिशा उलटी करावी लागली होती.

पहिली फेरी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद, १०-१५ मैलांच्या स्पीडला इंग्रजी आठ काढा. टक-टक आवाज आला तर लिंक ढिली आहे, कुरकुर आली तर बुश कोरडा आहे, स्पीड ब्रेकरवर ठण आला तर बार कुठेतरी आदळतोय. काही ऐकू आलं तर तिथेच थांबून बघा, घरी जाऊन बघू म्हणू नका. मग रस्त्यावर. फरक पहिल्याच वळणावर कळतो, गाडी वळते आणि बॉडी मागोमाग येते, आधी बॉडी पडायची आणि मग गाडी वळायची. खराब रस्त्यावर मात्र एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला थोडा जाणवतो, डोकं किंचित डावी-उजवीकडे हलतं. ऑफ-रोडला चाकाची मोकळी हालचाल कमी होते, खडकांवर जाणार असाल तर लिंक सोडून ठेवा.

बर्फ आणि पाऊस. मागचा बार कडक केला की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि आतलं चाक हलकं होतं, म्हणजे मागची एकूण पकड आधी सुटते. पिकअप रिकामी असताना मागे वजन असतंच कमी. कोरड्या रस्त्यावर हे छान वाटतं कारण गाडी पटकन वळते, पण इथल्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या पलीकडे उतारावर पातळ बर्फ असेल तर मागचा भाग बाहेर पडू शकतो. म्हणून मऊ भोकापासून सुरुवात करा, पहिला हिवाळा त्याच्यावर काढा, आणि कडक भोक फक्त ट्रेलर किंवा मागे जड कॅम्पर नेताना वापरा. मी अजून मऊ भोकावरच आहे आणि मला कमी वाटत नाही.

वॉरंटीची काळजी बऱ्याच जणांना असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आफ्टरमार्केट पार्ट लावला एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या पार्टमुळे बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पावत्या आणि तुमचे फोटो जपून ठेवा. भारतात इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स पिकअपला असं काही करायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा आणि आरटीओत विचारा, तिथे मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि इकडचं किट तिकडच्या गाडीला बसेल असं धरून चालू नका.

शंभर मैल चालवून झाले की परत खाली जा, टॉर्क पाना घेऊन. पेंटच्या रेघा बघा. नट जिथे फिरला तिथे रेघ तुटलेली दिसते, तोंडाने विचारायची गरज नाही. माझ्या ट्रकला डावीकडच्या यू बोल्टच्या एका नटाची रेघ तुटली होती, साधारण अष्टमांश फेरा. तो आकड्याप्रमाणे आवळला, जुनी रेघ पुसून नवी मारली. त्यानंतर प्रत्येक ऑइल बदलताना बघतो, अजून जुळलेली आहे.